कोंबडी थांबत नाही



गेली तीस वर्षे कृषी विस्ताराच्या कामासाठी मी गावोगाव हिंडतो आहे. पूर्वी पारावर बसलो की प्रश्न ठरलेले असत. कपाशीवर काय फवारू, कांदा ठेवू की विकू, विहिरीला पाणी लागेल का. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, ब्रॉयलरची शेड टाकावी म्हणतो. तुम्हांला काय वाटतं?" विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला मुलगा असतो. दोन-तीन एकर जमीन, बारावीपर्यंत शिक्षण, आणि शहरात जाऊन कुणाची चाकरी करण्यापेक्षा घरच्या रानात काही करावे ही इच्छा. ही इच्छा चांगली आहे, म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर मी हो किंवा नाही असे एका शब्दात देत नाही. त्या मुलांना जे सविस्तर सांगतो, तेच आज तुम्हांला सांगतो.

आमच्या लहानपणी कोंबडी म्हणजे अंगणातली. रात्री डालग्याखाली झाकायची, सकाळी सोडून द्यायची. उकिरड्यावर चार दाणे, चार किडे टिपून ती आपले पोट भरी. अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हाती येत आणि त्यांत मीठमिरची व पोरांच्या वह्या भागत. कोंबडा खाण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागत. जावई किंवा पाहुणा आला तरच तो कापला जाई. त्यात नफा थोडा होता, पण बुडण्यासारखेही काही नव्हते. कोंबडी मेली तर हळहळ वाटे, घर मात्र मोडत नसे.

हे चित्र कसे बदलले ते पाहू. मांसासाठी निराळी आणि अंड्यांसाठी निराळी अशा कोंबडीच्या जाती पैदासकारांनी वेगळ्या काढल्या. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि सुधारित जातीची एका दिवसाची पिल्ले आपल्याकडच्या शेतकऱ्याला मिळण्याची वाट रुंदावली. पुढे १९९०च्या दशकात तामिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला करारपद्धतीने कोंबड्या वाढवण्याची रीत पसरली आणि तेथून ती आपल्याकडेही आली. आज देशात जेवढे मांस तयार होते, त्यात सुमारे निम्मा वाटा कोंबडीचा आहे. तालुक्याच्या गावी पूर्वी चिकनचे एखादे दुकान असे, आता चौकाचौकात आहे. लोकांच्या हाती पैसा आला, मटण परवडेनासे झाले आणि चिकन त्या मानाने स्वस्त राहिले. तेव्हा ही वाढ खोटी नाही. खप आहे, आणि तो पुढेही राहील.

मग अडचण कोठे आहे? ती समजण्यासाठी आधी हा पक्षी समजून घ्यावा लागतो.

ब्रॉयलरचे पिल्लू शेडमध्ये येते तेव्हा ते साधारण चाळीस ग्रॅमचे असते. पाच-साडेपाच आठवड्यांत ते दोन किलोचे होते. तेवढ्या वाढीसाठी ते सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य खाते. चाऱ्याचे इतक्या झटपट मांस करणारे दुसरे जनावर आपल्या गोठ्यात नाही. पण याच गुणात धोका लपलेला आहे. ज्वारीचा भाव पडला तर आपण पोती घरात ठेवतो. कांदा चाळीत काही महिने दम धरतो. कापूस तर घराच्या एका खोलीत भरून ठेवता येतो. ब्रॉयलर मात्र थांबत नाही. दोन किलोचा पक्षी रोज दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम खाद्य खातो. शेडमध्ये पावणेपाच हजार पक्षी असतील, तर रोज जवळजवळ आठ क्विंटल खाद्य लागते. भाव वाढेल म्हणून आठ दिवस वाट पाहायची, तर साठ-पासष्ट क्विंटल खाद्य आणखी घालावे लागते. तोवर पक्षी वजनदार होतो आणि व्यापारी म्हणतो, "एवढा मोठा पक्षी गिऱ्हाईक घेत नाही, भाव कमी पडेल." उन्हाळा असेल तर जड पक्षी उष्म्याने पटापट मरतात ते वेगळेच.

आपल्याकडे कोंबडी बहुतेक जिवंतच विकली जाते. गिऱ्हाइकाला ती डोळ्यांदेखत कापून हवी असते. कापून गोठवून ठेवायची सोय त्या मानाने फार थोडी आहे. त्यामुळे मालही थांबत नाही आणि त्याला ठेवायला कोठारही नाही. गटारी अमावास्येला दुकानापुढे रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की दुकानदार माश्या मारत बसतो. श्रावण केव्हा येणार हे पंचांगात लिहिलेले असते, म्हणून त्याचा अंदाज तरी बांधता येतो. पण काही श्रावण पंचांगात नसतात.

फेब्रुवारी २००६मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशात तो प्रथमच आढळला होता. त्या वेळी मी शेजारच्या तालुक्यात होतो. नवापुरात लाखो पक्षी मारून पुरले गेले. त्या साथीत आपल्या देशात एकाही माणसाला रोग लागल्याचे सिद्ध झाले नाही, आणि नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो विषाणू जगतही नाही. तरी राज्यभर लोकांनी चिकन-अंडी सोडली. जेथे एकही पक्षी आजारी नव्हता, अशा गावांतल्या शेडवाल्यांनाही मातीमोल भावाने पक्षी द्यावे लागले. ज्यांचे पक्षी सरकारने मारले त्यांना ठरल्याप्रमाणे भरपाई मिळते. ज्यांचा फक्त भाव मेला, त्यांच्यासाठी भरपाई नसते. विम्याचेही तसेच आहे. तो पक्षी मेल्यावर उतरतो, भाव मेल्यावर उतरत नाही.

दुसरा घाव २०२० साली बसला. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई मोबाइलवरून घरोघर पोचली. तिच्यात काडीचेही तथ्य नव्हते. सरकारने तसे जाहीरही केले, पण आवई घोड्यावर बसून जाते आणि खुलासा पायी चालत येतो. मार्चमध्ये जिवंत पक्ष्याचा भाव काही ठिकाणी किलोला दहा रुपयांपर्यंत आणि त्याहूनही खाली आला. तो वाढवायला किलोमागे खर्च आला होता सत्तरच्या घरात. काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्डा खणून पुरले. माझ्या ओळखीच्या एका घरात ती पिल्ले सुनेने रात्र-रात्र जागून जगवली होती. शेगडीची ऊब कमी पडू नये म्हणून ती तासातासाला उठे. खड्डा खणायला पुरुषमाणसे गेली आणि ती दोन दिवस जेवली नाही. पुढे मे-जूनमध्ये भाव चांगलाच वर गेला, कारण बाजारात पक्षीच उरले नव्हते. पण तो भाव घ्यायला त्या घराच्या शेडमध्ये काही नव्हते. पैसे संपले होते आणि खाद्याच्या दुकानाची उधारी डोक्यावर होती.

तिसरा धोका आवईचा नाही, तो आपल्याच रानातून येतो. ब्रॉयलरच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका व सोयाबीनची पेंड. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले. सोयाबीनवाला खुशीत होता आणि शेडवाला कपाळाला हात लावून बसला होता. केंद्र सरकारने त्याच महिन्यात बारा लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी दिली. पुढे भाव उतरले, तेव्हा सोयाबीनवाला रडू लागला. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे हे दोघे राहतात, कधी कधी तर एकाच घरात. अलीकडे मक्यापासून इथेनॉल होऊ लागले, तशी मक्याला नवी मागणी निघाली. मका पिकवणाराला ती लाभाची आहे, कोंबडीवाल्याला महागाची. यात कुणी कुणाचा वैरी नाही. पण मक्याचा भाव आता फक्त कोंबडीच्या पोटावर ठरत नाही, गाडीच्या टाकीवरही ठरतो, एवढे ध्यानात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, "म्हणूनच आम्ही करारावर करतो. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, पाणी, वीज, तूस आणि मेहनत आमची. भावाची काळजी कंपनीला." हे बरेच खरे आहे. बाजार पडला तरी ठरलेला दर किलोमागे मिळतो, आणि लहान शेतकऱ्याला हा मोठा आधार आहे. ज्याच्या गाठीला भांडवल नाही, त्याने एकट्याच्या जिवावर बाजारात उतरण्यापेक्षा करार बरा, असेच मीही सांगतो.

पण करारात भावाचा धोका गेला तरी दुसरा एक राहतो, तो रिकाम्या शेडचा. मंदी आली की कंपनी पिल्ले उशिरा टाकते किंवा टाकतच नाही. वर्षाला सहा बॅचचा हिशेब कागदावर मांडलेला असतो आणि प्रत्यक्षात चारच होतात. कंपनीचे नुकसान त्या दिवसापुरते थांबते. तुमच्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. शेडमध्ये कोंबडीशिवाय दुसरे काही करता येत नाही. ना तिच्यात गाय बांधता येते, ना ती कुणी भाड्याने घेतो. शिवाय दर ठरतो तो पक्ष्याने किती खाद्य खाऊन किती वजन केले आणि मरतुक किती झाली यावर. पिल्लेच अशक्त आली किंवा खाद्याची गोणी हलकी भरली, तर त्याचा भार तुमच्या हिशेबात पडतो.

म्हणून शेड बांधण्यापूर्वी पुढच्या गोष्टी करा.

पहिली गोष्ट, हिशेब उलट्या बाजूने मांडा. बॅच चांगली गेली तर काय उरेल, हे सगळेच सांगतात. सहा महिने शेड रिकामी राहिली तर हप्ता कोठून भराल, हे आधी लिहा. दूध, भाजीपाला, कुणाचा पगार, असे काही त्या सहा महिन्यांसाठी नसेल, तर शेड लहान करा किंवा थोडे थांबा. पाच हजारांची शेड झेपत नसेल, तर दोन हजारांची बांधा. शेजाऱ्याची शेड पाहून आपली लांबी ठरवू नका.

दुसरी गोष्ट, करार मराठीत मागा, घरी आणा आणि घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचा. दर कसा निघतो, दोन बॅचमध्ये किती दिवस जातील, रोगाने पक्षी मेले तर काय, आणि पक्षी वेळेवर उचलले नाहीत तर त्या दिवसांच्या खाद्याचा भार कुणावर, हे चार प्रश्न विचाराच. सहीची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

तिसरी गोष्ट, वहीला चुकू नका. गोण्या आल्या की दोन-चार वजन करून पाहा. रोजची मरतुक त्याच दिवशी लिहा. पक्षी उचलताना काट्यापाशी घरचा माणूस उभा ठेवा. वही असली म्हणजे सुपरवायझरशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

चौथी गोष्ट भगिनींसाठी आहे. शेडचे निम्म्याहून अधिक काम घरातली बाई करते, हे मी डोळ्यांनी पाहतो. पाणी, तूस हलवणे, रात्रीची ऊब, मेलेले पक्षी काढणे हे सारे तिच्याकडे असते. कर्जाच्या कागदावर मात्र तिला विचारले जात नाही. मेहनत तिची असेल तर हिशेबही तिला कळला पाहिजे. बँकेत जाण्यापूर्वी नवराबायकोने एका चटईवर बसून आकडे मांडावेत. हप्ता थकला तर पहिला दागिना कुणाचा जातो, हे तुम्हांला सांगायला नको.

पाचवी गोष्ट, अंगणातल्या दहा-वीस कोंबड्या मोडू नका, पण त्या शेडपासून लांब ठेवा, नाहीतर रोगाची देवाणघेवाण होईल. शेडच्या दाराशी चुन्याची किंवा जंतुनाशकाची पायपुसणी ठेवा. दुसऱ्याच्या शेडमधून आलेला माणूस, मग तो सोयरा का असेना, थेट आत घेऊ नका.

आणि एक विनंती, ज्यांना शेड टाकायची नाही त्यांच्यासाठी. पुन्हा कधी मोबाइलवर कोंबडीची आवई आली, तर ती पुढे ढकलण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारा. तुमचे बोट एका क्षणात काम करते, पण त्या बोटाने गावातल्या एखाद्या घराचे वर्ष जाऊ शकते.

ब्रॉयलरचा धंदा वाईट आहे असे मी कोठेच म्हटलेले नाही. शेडच्या पैशांतून मुलीची नर्सिंगची फी भरलेली, विहिरीला पाइपलाइन केलेली घरे मला माहीत आहेत. ती घरे टिकली, कारण त्यांनी शेतीच्या जोडीला कोंबडी धरली, शेती सोडून नाही. बाजार पडला तेव्हा त्यांच्या घरात खायला ज्वारी होती आणि हप्त्यापुरते दूध डेअरीला जात होते. कोंबडी थांबत नाही. तेव्हा थांबण्याची ताकद आपल्या घरात असली पाहिजे. ती आहे का, हे पाहा, आणि मगच शेडचा पाया खणा.