सोपं गाणं पाहिजे

शाळेच्या नव्या जॅझ बॅन्डसाठी गाणं निवडायचं म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. प्रकाशकाची यादी उघडायची, 'ईझी' लिहिलेल्या पानावर जायचं, ओळखीचं नाव दिसलं की पैसे भरून मोकळं व्हायचं. पण हे काम जवळून बघितलं की कळतं, खरी मेख इथेच आहे. बारा-तेरा वर्षांच्या वीस पोरांनी पुढच्या वर्षी वाद्य हातात धरायचं की पेटीत घालून माळ्यावर टाकायचं, हे बरंचसं त्या चार कागदांवर ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे अमेरिकेत बऱ्याच सरकारी शाळांत पाचवी-सहावीपासून मुलांना एखादं वाद्य निवडून शाळेच्या बॅन्डमध्ये शिकता येतं. एखाद-दोन वर्षं झाली की हौशी मुलांसाठी कुठे कुठे वेगळा जॅझ बॅन्ड असतो. आमची लेक सातवीत आहे आणि ट्रॉम्बोन वाजवते. (घरात हत्ती पाळलाय का, असं शेजाऱ्यांनी अजून विचारलेलं नाही, त्यांचे आभार.) मी लहानपणी पेटी शिकलोय, एवढ्या भांडवलावर बॅन्डच्या बाईंनी मला मदतनीस पालक म्हणून धरलं. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सातला तालीम. माझं काम खुर्च्या लावणं, स्टॅन्ड उघडणं आणि संगीताचं कपाट नीट लावणं. त्या कपाटामुळेच हे सगळं लिहितोय.

पूर्ण जॅझ बॅन्ड म्हणजे पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि मागे पियानो, बास, गिटार, ड्रम. आमच्याकडे सॅक्सोफोन सात, ट्रॉम्बोन दोन, एक क्लॅरिनेट, आणि एक बासरीवाली, जिला मैत्रिणीबरोबरच बसायचं होतं. नवशिक्यांसाठी छापलेल्या संगीतात याचीही सोय असते. कमी वाद्यांतही गाणं उभं राहील अशी रचना असते, बासरी-क्लॅरिनेटसाठी जादा कागद असतात, आणि सोलो वाजवणाऱ्यासाठी कॉर्डची नावं आणि खाली लिहून दिलेला एक तयार सोलोही असतो. कठीणपणाप्रमाणे १, २, ३ अशा ग्रेड असतात. ग्रेड १ म्हणजे नुकतेच सूर लागायला लागलेल्या मुलांसाठी.

तर या ग्रेड १ च्या ढिगात दोन प्रकारचे कागद निघाले.

पहिला प्रकार म्हणजे मोठ्या नावांची बारकी रूपं. ग्लेन मिलरचं १९३९ चं 'इन द मूड' घ्या. नाव बघितलं की आजी-आजोबांचे डोळे चमकतात. पण सोपं करताना त्यातल्या उड्या कापल्या जातात, लय बोथट होते, आणि उरतो तो फक्त सांगाडा. मुलं मूळ गाणं ऐकून येतात आणि आपण वाजवतोय ते तसं का लागत नाही, म्हणून हिरमुसतात. दोष पोरांचा नसतो. पुरणपोळीतलं पुरण काढून घेतल्यावर तिला सोपी पुरणपोळी म्हणत नाहीत, पोळी म्हणतात.

दुसरा प्रकार म्हणजे मुळातच साधं असलेलं गाणं. त्यातून काही काढावं लागत नाही. बाईंचं म्हणणं असं, की नवशिक्यांना हे दुसऱ्या प्रकारचंच द्यायचं. आणि असं संगीत शोधायला गेलं की पाय आपोआप ब्लूजकडे वळतात.

ब्लूजचा साचा बारा बारचा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आपल्या हिशेबानं अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. सा, म आणि प यांवर उभ्या राहिलेल्या तीनच कॉर्ड. पहिले चार बार सा ची, मग दोन बार म ची, दोन बार परत सा ची, आणि शेवटच्या चारात प पासून उतरत घरी. गाण्याच्या ओळीही बहुधा तशाच असतात. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत उत्तर द्यायचं. वगातला सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे पोराला पहिला राग बहुतेक भूप देतात. पाच स्वर, कुठे कोमल-तीव्राची भानगड नाही. पण भूप सोपा म्हणून कुणी त्याला बालगीत समजत नाही. मोठमोठे गवई जन्मभर भूप गातात आणि तो संपत नाही. ब्लूजचं अगदी तसंच आहे. सातवीतल्या पोराला तो तासाभरात कळतो, आणि चार्ली पार्करला तो आयुष्यभर पुरला.

आता नेमकं गाणं. बाईंनी कपाटातून ड्यूक एलिंग्टनचं 'सी जॅम ब्लूज' काढलं. १९४२ चं ध्वनिमुद्रण. या गाण्याच्या चालीत स्वर किती असावेत? दोन! पंचम आणि वरचा षड्ज, बस्स. प प प करत राहायचं आणि शेवटी सा वर उडी मारायची. ही ओळ तीनदा म्हटली की बारा बार पूर्ण.

मूळ गाणं सी मध्ये आहे. बाईंनी ते बी-फ्लॅटमध्ये घेतलं. का, ते मला कागद लावताना उमगलं आणि मी चाटच पडलो. बी-फ्लॅटमध्ये हे दोन स्वर एफ आणि बी-फ्लॅट होतात. ट्रॉम्बोनवर हे दोन्ही पहिल्या पोझिशनला येतात, म्हणजे नळी हलवायचीच नाही. ट्रम्पेटवर दोन्ही स्वर एकही बटण न दाबता निघतात. पोरांची बोटं मोकळी, हात मोकळे, डोळे कागदावरून मोकळे. मग उरलं काय? लय. आणि त्या चालीची सगळी गंमत लयीतच आहे, कारण स्वर मात्रेवर न पडता अलगद तिच्या मागेपुढे पडतात. म्हणजे सोपं करायचं ते बोटांसाठी. कानासाठी काही सोपं करायचं नाही.

स्विंग कागदावर नीट लिहिताच येत नाही, ही दुसरी गंमत. कागदावर एका मात्रेत दोन सारखे स्वर दिसतात. वाजवताना पहिला लांब आणि दुसरा आखूड. हिशेबच मांडायचा तर मात्रेचे तीन भाग करा, दोन पहिल्याला, एक दुसऱ्याला. पण हाही हिशेब लय वाढली की बदलतो आणि दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होत जातात. त्यामुळे बाई आधी वाद्यं खाली ठेवायला लावतात आणि ओळ तोंडानं म्हणून घेतात. 'डू-दा डू-दा' असे बोल. तबल्याचे बोल आधी तोंडात बसवून मग हातात उतरवायचे, तेच हे. टाळी मात्र दोन आणि चारवर. आपला हात जन्मापासून समेकडे ओढला जातो, इथे ड्रमवाल्याची हाय-हॅट दोन आणि चारवर मिटते. लेकीनं मला स्वयंपाकघरात याचे धडे दिले. "बाबा, वन सोडून दे. वन कुठे पळून जात नाही."

संथ गाणं म्हणजे सोपं, हाही एक सापळा आहे. काउंट बेसीच्या वाद्यवृंदानं १९५७ मध्ये नील हेफ्तीचं 'लिल डार्लिन' वाजवलं. ते कागदावर बघा, कुणीही म्हणेल की हे तर आमच्या शाळेतली पोरं वाजवतील. आणि मग ते ऐका. दोन स्वरांमध्ये एवढी मोकळी जागा आहे की तीत माणूस पडेल. ती जागा न घाबरता धरून ठेवायला वर्षानुवर्षं एकत्र वाजवलेली माणसं लागतात. विलंबित एकताल पहिल्या वर्षाच्या पोराला देत नाहीत, ते याचसाठी. मध्यलयीचं काहीतरी बरं, जिथे चालता चालता पाय आपोआप पडतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या पोराकडे येतो.

बॅन्डमध्ये तिसऱ्या ट्रम्पेटवर एक मुलगा आहे. अबोल, नेहमी वेळेवर येणारा. मागच्या वर्षी एकदा खुर्च्या आवरताना तो मला म्हणाला, "मी वाजवलं नाही तरी कुणाला कळत नाही." तक्रारीचा सूरही नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं. मी घरी येऊन त्या गाण्याचा तिसऱ्या ट्रम्पेटचा कागद बघितला. खरंच होतं. चाल पहिल्या ट्रम्पेटला आणि आल्टो सॅक्सोफोनला, याच्या वाट्याला पानभर थांबणं आणि मध्ये मध्ये एक लांब स्वर. गाणं उत्तम होतं, सोपंही होतं. पण ते दोन-तीन पोरांचं गाणं होतं आणि बाकीचे त्याला टेकू होते.

तेव्हापासून कागद लावताना मी आधी शेवटचे कागद बघतो. तिसरा ट्रम्पेट, दुसरा ट्रॉम्बोन, बॅरिटोन सॅक्सोफोन. यांना कुठेतरी एकदा तरी चाल मिळते का? पहिल्या ट्रम्पेटला इतकं उंच चढवलंय का, की तालमीच्या शेवटी पोराचे ओठ थकून सूर फाटावा? बासच्या पोराला एकेक मात्रा चालत जायला मिळते का? बाईंना मी हे सांगितलं तर त्या हसल्या. त्या वर्षानुवर्षं हेच करत आल्यात. फक्त मागच्या वर्षीचं गाणं त्या येण्याआधीच ठरलेलं होतं.

या बाबतीत रिफवर उभी राहिलेली जुनी गाणी फार उदार असतात. रिफ म्हणजे दोन-चार बारचा छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा म्हणायचा. बेसीचं १९३७ चं 'वन ओ'क्लॉक जम्प' हे असंच ब्लूजवर रचलेलं गाणं. कुणी कागदावर लिहून आणलेलं नव्हतं, वादकांनी एकत्र वाजवता वाजवता रिफ एकमेकांवर रचत नेले. सॅक्सोफोनचा एक, ट्रम्पेटचा एक, ट्रॉम्बोनचा एक. तिघांचे तीन वेगळे आणि तिन्ही सारखेच महत्त्वाचे. बाईंनी दुसरं गाणं याच पद्धतीनं, कागदाशिवाय करायचं ठरवलं. प्रत्येक रांगेनं आपापला रिफ कानानं शिकायचा आणि लक्षात ठेवायचा. गुरुमुखी विद्या म्हणा ना.

सोलोसाठी बाईंनी पाच स्वर दिले. लेक घरी वाजवायला लागली आणि माझे कान टवकारले. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. अहो, हा तर धानी! मी पेटी काढली. पण खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि वर सोलोवाला कोमल लावतो. दोघांचं घर्षण होतं आणि नेमकी तिथेच ब्लूजची कळ आहे. जोगमधले दोन गंधार आठवले. राग वेगळे, माणसं वेगळी, दुःखंही वेगळी, पण त्या एका स्वराच्या दोन जागांमध्ये काहीतरी दुखतं हे दोन्हीकडच्यांना सापडलंय.

दुःखाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. ब्लूज साधा आहे म्हणून तो हलका नाही. गुलामीतून बाहेर पडलेल्या आणि तरीही माणसासारखं जगू न दिलेल्या काळ्या लोकांनी तो घडवला. पहिल्याच तालमीत बाई मुलांना हे सांगतात, थोडक्यात आणि त्यांच्या वयाला झेपेल असं. मग गाणं ऐकवतात, मगच कागद. मला हा क्रम आवडतो. आपण काय उसनं घेतलंय, हे वाजवणाऱ्याला ठाऊक असावं.

आणि आपणही ते घेतलंय बरं का. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईत ताजमध्ये वाजवायला आला. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हे संगीत आत्मसात केलं आणि तेच पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. आपले सी. रामचंद्र आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ही जोडी आठवा. १९५१ च्या 'अलबेला'वर माझ्या वडिलांची पिढी नाचली, तेव्हा त्यांना स्विंग हा शब्दही ठाऊक नसेल. एलिंग्टन स्वतः १९६३ मध्ये मुंबईत वाजवून गेले.

असो. डिसेंबरमध्ये कार्यक्रम झाला. 'सी जॅम ब्लूज'मध्ये ड्रमवाल्यानं लय जरा पळवली आणि दुसऱ्या आवर्तनात क्लॅरिनेट हरवली, पण चौथ्या आवर्तनाला सगळे बरोबर समेवर भेटले. या साच्याचा हाच मोठेपणा. तुम्ही हरवलात तरी आवर्तन परत येतं आणि आत घ्यायला दार उघडं ठेवतं.

तिसऱ्या ट्रम्पेटवाल्यानं सोलो घेतला. बारा बार. पहिल्या चारांत त्यानं काहीच वाजवलं नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. मग त्यानं एकच स्वर वाजवला. थांबला. तोच स्वर पुन्हा, थोडा उशिरा, मात्रेच्या अंमळ मागे. मागे बास चालत होता, त्याच्यावर तो बरोब्बर बसला. शेवटी दोन स्वर खाली उतरून संपवलं. टाळ्या फार पडल्या नाहीत, कारण सोलो संपला हे बहुतेक पालकांना कळलंच नाही. पण बॅन्डमधल्या पोरांना कळलं. पहिल्या ट्रम्पेटवाल्या मुलीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

आता मार्चच्या कार्यक्रमासाठी गाणी शोधतोय. परवा कपाटाशी उभा असताना तोच मुलगा आला आणि म्हणाला, "पुढचा ब्लूज एफमध्ये घेऊ या का? बी-फ्लॅट आता फार सोपा वाटतो."