गळाच्या काठीचं पॉलिश आणि सुजलेल्या पापण्या

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका सकाळी आरशात पाहिलं आणि दचकलोच. दोन्ही पापण्या सुजलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, मनगटावर लाल बारीक पुरळ आणि जीव नको करणारी खाज. तुम्ही अशा अवस्थेत माझ्याकडे आला असतात, तर मी लगेच विचारलं असतं, "गेल्या दोन-तीन दिवसांत नवीन काय हाताळलंत?" स्वतःला हा प्रश्न विचारायला मला दुपार झाली.

हाताळली होती ती गळाची काठी. धर्माबादकरांना सांगायला नको, बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने तसं ठरवून दिलंय. नंतर दरवाजे बंद होतात, गोदावरीत पाणी साठतं आणि आमच्यासारखे हौशी लोक गळ घेऊन काठावर बसतात. फायबरची काठी बाजारात मिळते. पण स्वतः तासलेल्या बांबूला मरळ लागली की जो झटका हाताला बसतो, त्याची मजा वेगळीच!

बांबूची वरची साल मेणचट असते, तिच्यातून पाणी सहसा शिरत नाही. शिरतं ते कापलेल्या टोकांतून आणि पेरं तासलेल्या जागांतून. भिजणं आणि वाळणं आलटून पालटून चाललं की काठी चिरते, शिवाय आतल्या पिठूळपणामुळे कीड लागते. म्हणून वरून काहीतरी लावायला हवं. मी निवडलं एपॉक्सी. दोन बाटल्यांतले द्रव मिसळायचे आणि लावायचे, काचेसारखी चकाकी येते. हातमोजे घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओघळ दिसले, ते पॉलिश पेपरने घासले आणि ती धूळ चेहऱ्यावर उडाली.

एपॉक्सीची ॲलर्जी उशिरा उठते, एक ते तीन दिवसांनी. त्यामुळे माणूस दोष देतो वांग्याला, साबणाला, पण काठीला देत नाही. पापण्यांची कातडी सगळ्यांत पातळ, म्हणून खूण आधी तिथेच उमटते. आणि एकदा ही ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर राहते. पुढच्या वेळी थेंबभरही पुरतो.

तुम्हाला बिब्बा उतणं माहीत आहे ना? प्रकार साधारण तोच. गंमत बघा, जपानमध्ये बांबूच्या पारंपरिक गळकाठ्यांना 'उरुशी' नावाची लाख लावतात. ती ज्या झाडाच्या चिकापासून करतात ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आंबा आणि काजूही त्याच कुळातले. ओला चीक कातडी जाळतो, पण पूर्ण वाळलेला थर सहसा त्रास देत नाही. पॉलिश निवडताना म्हणूनच दोन प्रश्न विचारा: काठीवर ते किती टिकेल, आणि ओलं असताना माझ्या हाताशी, श्वासाशी कसं वागेल?

या हिशेबाने माझी पसंती बाहेरच्या लाकडाला लावतात त्या तेली व्हार्निशला. आधी सालीवरचा मेणचटपणा पॉलिश पेपरने हलका घालवायचा, मग पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबायचं, टोकांना जास्त. पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही, मग लोक खोली बंद करून पंख्याखाली बसतात आणि टर्पेंटाइनच्या वाफेने डोकं धरतात. दिवाळीनंतर, अंगणात करा. दमा असेल तर पाण्यात विरघळणारं पॉलियुरेथेन बरं. गाड्या रंगवणाऱ्यांकडचा हार्डनरवाला पीयू स्प्रे मात्र नको; त्यातल्या आयसोसायनेटने धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. चपडा लाख दिसते छान, पण पाण्याने पांढरी पडते. जवसाचं तेल हाताला सौम्य, मुठीच्या जागेला उत्तम, फक्त दरवर्षी पुन्हा लावावं लागतं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका! ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

एपॉक्सीच लावायचं असेल तर नायट्राइलचे हातमोजे, लांब बाह्या, आणि माप अचूक. माप चुकलं की थर चिकटच राहतो आणि चिकट थर म्हणजे सतत चालू असलेला त्रास. आठवडाभर घासू नका. हाताला लागलं तर साबण-पाणी. थिनरने हात धुण्याची आपल्याकडची सवय वाईट. थिनर कातडीचं तेल काढून घेतो आणि रसायनाला वाट करून देतो.

उरलेलं टर्पेंटाइन थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवणारे घरोघरी सापडतात. लेकराने ते प्यायलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी, दूध काही पाजू नका. उलटीसोबत ते फुप्फुसात उतरतं आणि खरा धोका तिथे आहे. खोकला नसला तरी बाटलीसकट तडक दवाखाना गाठा.

माझी पॅच टेस्ट नंतर झाली. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस अंघोळीविना काढले. बाकी सगळे चौकोन कोरे होते, एपॉक्सीचा एकच लालभडक उठला. ती चकाकणारी काठी आता भाच्याकडे आहे आणि तिच्यावर मासेही लागतात. ती दुरुस्त करायची झाली तर मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून सूचना देतो.