पूर्ण उघडा नॉब
गिटार दुरुस्तीला आली की बोलणं होतं ते पिकअपचं. कोणत्या कंपनीचा, वेटोळी किती, चुंबक कसला. व्हॉल्युमच्या पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधाचा, विषय तो खरखरायला लागल्याशिवाय कुणी काढत नाही. वास्तविक पिकअपच्या खालोखाल आवाज ठरतो तो तिथंच.

नॉब दहावर नेला म्हणून पॉट वाटेतून बाजूला होत नाही. त्याचा सगळा रोध पिकअपच्या दोन टोकांवर तसाच बसून राहतो आणि पिकअपवर भार टाकतो. पिकअपची कॉइल आणि केबलची धारकता मिळून एका कंप्रतेवर उसळी घेतात. सिंगल कॉइल साधारण अडीच हेन्रीची, केबल वगैरे धरून धारकता ६०० पिकोफॅरड, तर ही उसळी ४००० हर्ट्झच्या जरा वर येते. दोन कॉइलच्या हंबकरची ३००० च्या आसपास. पॉट जितक्या कमी रोधाचा तितकी ती दबते. तिची जागा फारशी हलत नाही, उंची मात्र घटते. म्हणून तिखट सिंगल कॉइलला २५० के, म्हणजे किलोओहम, आणि भारदस्त हंबकरला ५०० के, हा रिवाज. फेंडरने १९५८ च्या जॅझमास्टरला तर एक मेगचे पॉट दिले होते.

मिरजेचे सतारमेकर घोडीचा माथा घासून जवारी, म्हणजे तारेची झणझण, खुली किंवा बंद ठेवतात. पंडित रविशंकरांची खुली, उस्ताद विलायत खाँची बंद. पॉट निवडताना माझ्यापुढे हाच प्रश्न असतो: वरच्या उपस्वरांना किती मोकळं सोडायचं? आणि त्याचं उत्तर वाजवणाऱ्याच्या कानानेच द्यायचं असतं, तक्त्याने नाही.

म्हणून मी आधी पॉट लावतच नाही. पिकअपच्या तारा थेट जॅकला जोडतो आणि क्रोकोडाइल क्लिपने त्यांच्यावर वेगवेगळे रेझिस्टर अडकवत जातो. व्हॉल्युम आणि टोन दोन्ही २५० के असले तर त्या उसळीला मिळून भार १२५ के पडतो, म्हणून सुरुवात तिथून. गिटार घेऊन आलेल्या मुलाला पाठमोरा बसवून एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला सांगतो. मी काय बदललं ते त्याला दिसत नाही. "काका, हा! हाच ठेवा," असं तो म्हणतो त्या क्षणी क्लिपमध्ये असलेला आकडा वहीत जातो.

त्यानंतर टोनच्या पॉटसोबत मिळून तो आकडा देणारा पॉट शोधायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पॉटवर ५०० के छापलेलं असतं, पण वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४०० ही खरा आणि ६०० ही खरा. मल्टिमीटरला लावून प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने खरा आकडा लिहून ठेवतो. ४१० चा ब्रिजच्या बोचऱ्या हंबकरला, ५८० चा नेकच्या गढूळ पिकअपला. छापील आकड्यावर भरवसा ठेवला तर ही निवडच हातून जाते.

गणपतीच्या आधी बँजो पार्टीवाले येतात. बँजो म्हणजे आपला बुलबुलतरंग, १९१२ साली नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतोचा भाऊबंद. पोलादी तारा, खाली पिकअप, पुढे गाडीवरचे भोंगे. मिरवणुकीच्या वाटेवर, भद्रकालीच्या अरुंद रस्त्यात दोन्हीकडून भिंती आवाज परतवतात, आणि कान सगळ्यात हळवा असतो तो तीन-चार हजार हर्ट्झलाच. तिथं मी बिनदिक्कत १०० के लावतो. सूर तोच राहतो, फक्त टोचणं जातं.

एक गोष्ट मात्र दहावरच्या नॉबने कळत नाही. ५०० केचा पॉट अर्ध्या रोधावर आणला की केबलच्या वाटेत १२५ के उभा राहतो, आणि २५०० हर्ट्झच्या वरचं सगळं ओसरू लागतं. उजळ म्हणून निवडलेला पॉट खाली आणताच मंद होतो. २५० केला ही गळती बरीच कमी. त्यामुळे कोणता आवाज हवा हे विचारण्याआधी मी विचारतो, वाजवताना तुझा नॉब कुठे असतो? सहा-सातवर ठेवून वाजवणाऱ्याला मी हंबकर असला तरी २५० केच देतो.