रानपिंगळ्याचं आजोळ

शाळेच्या दाखल्यावर मुलाचं कूळ वडिलांच्या नावाने ओळखलं जातं. पण पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो: नानीकडून अम्मीला, अम्मीकडून आपल्याला. मुलगा तो पुढे देत नाही.

पक्ष्यांतही तसंच. रानपिंगळ्याची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शास्त्रज्ञ त्याला वेगळ्या घराण्यातला मानत. २०१८ साली मायटोकॉन्ड्रियाचा आणि पेशीकेंद्रातला डीएनए ताडून पाहिला, तर तो आपल्या साध्या पिंगळ्याच्या मावसभावंडांत निघाला.

आमच्या मलकापुरात पिंगळा ओरडला की कुणी अपशकुन म्हणून दगड उचलतं. पिंगळा गावातही निभावून नेतो. रानपिंगळ्याला मात्र सागाचं जंगल लागतं, आणि ते तुटतंय. म्हणून वर्गात मुलांना माझा एकच सवाल असतो: घर हरवत चाललेल्या पाखराच्या मावसभावाला दगड कशाला?