ग्रंथालयाचा तास

आपल्या समाजात शिक्षणाचा विषय निघाला की माध्यम कोणते घ्यावे, फी किती, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, यावर तासन्‌तास चर्चा होते. शाळेत ग्रंथालय आहे का आणि त्याचे कपाट कोणत्या दिवशी उघडते, हे मात्र कोणी विचारत नाही. सोलापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आम्ही दोघी, एक ग्रंथपाल आणि एक चौथीची वर्गशिक्षिका, बरीच वर्षे लहान मुलांसाठी ग्रंथालयाचा तास चालवीत आलो आहोत. त्या अनुभवातून हे लिहीत आहोत.

प्रथम कायद्याविषयी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत. ग्रंथपालाचा मात्र त्यात उल्लेख नाही. म्हणजे पुस्तके आली, ती मुलांच्या हाती देणारा माणूस आला नाही. आमच्याकडेही ग्रंथपालाचे पद माध्यमिक विभागाचे आहे. पहिली ते चौथीसाठी जो वेळ निघतो, तो मधल्या सुट्टीतून आणि शाळा सुटल्यानंतरचा.

पुस्तके कुलपात राहतात याला कारण आहे. ती साठा नोंदवहीत चढलेली असतात. फाटले, हरवले तर जाब द्यावा लागतो. म्हणून किल्ली जपली जाते आणि पुस्तके नवीकोरी राहतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली जे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तके वापरासाठी असतात. आम्ही हा नियम सोपा करून घेतला. वर्षाअखेरीस जे पुस्तक मळलेले नाही, त्याचीच चौकशी करायची.

लहान मुलांना दशांश वर्गीकरणाचे आकडे काय कळणार? म्हणून पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. गोष्टींना लाल, प्राणी-पक्ष्यांना हिरवी, चरित्रांना निळी, कोश आणि नकाशांना पिवळी. दुसरीतले पोर आता स्वतः पुस्तक काढते, स्वतः जागेवर ठेवते, आणि दुसऱ्याने चुकीच्या ठिकाणी ठेवले तर तक्रारही करते. पुस्तक शोधता येणे ही संशोधनाची पहिली पायरी आहे, असे आम्ही मानतो.

आमची निम्म्याहून अधिक मुले घरी दखनी बोलतात. शाळेत आली की बोलायला बिचकतात. आपली भाषा अशुद्ध आहे, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. आम्ही त्यांना शब्दांच्या शोधाला लावले. माधव जूलियन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ 1925 साली निघाला. तो टेबलावर ठेवला आणि वर्गातल्याच वस्तूंची यादी केली. कागद, दप्तर, शाई, खुर्ची, हजेरी, तारीख. एकेक शब्द निघत गेला तशी मुले चकित झाली. मराठी बोलताना आपण आपल्या अब्बांचेच शब्द बोलतो, हे त्यांना उमगले. मग उलटा शोध सुरू झाला. घरात अम्मी ‘नक्को’ म्हणते, ते कुठून आले? ते मराठीतल्या ‘नको’चेच भावंड. त्या आठवड्यानंतर मागच्या बाकावरची दोन मुले प्रथमच हात वर करून बोलली.

चौथीसाठी दरवर्षी एक मोठा शोध असतो. सोलापूरची मुले चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 1930 साली शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. मुलांना नावे पाठ असतात, माणसे ठाऊक नसतात. प्रकल्प सांगितला की पूर्वी बाजारातल्या तयार वहीतून उतरवून आणीत. आता मोबाइलमधून आणतात. उतरवणे तेच, फक्त वही बदलली.

म्हणून आम्ही उत्तर मागतच नाही, आधी प्रश्न मागतो. वहीच्या पानाचे तीन भाग करायचे. मला काय माहीत आहे, मला काय जाणून घ्यायचे आहे, आणि ते कुठे सापडेल. तिसऱ्या भागात पुस्तक, वर्तमानपत्र, पुतळ्याखालचा मजकूर आणि मोहल्ल्यातले एखादे वडीलधारे माणूस, असे किमान दोन मार्ग हवेत. मोबाइल चालेल, पण तिथला मजकूर कोणी लिहिला ते सांगता आले पाहिजे. एका मुलीने विचारले, कुर्बान हुसेन काम काय करायचे? शोधता शोधता कळले की ते ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत. मग गझनफर म्हणजे काय? उर्दूचा कोश आला, आजोबांना विचारले गेले, उत्तर मिळाले, सिंह. एका ठिकाणी नाव नुसते कुर्बान हुसेन आणि दुसरीकडे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन असे आढळले, तेव्हा खरे कोणते यावर वर्गात वाद झाला. तो वाद आम्ही मिटवला नाही. आणखी एक पुस्तक पाहा, एवढेच सांगितले. नऊ वर्षांच्या मुलाला एवढे कळले तर पुढे कोणतीही अफवा तो तपासल्याशिवाय पुढे धाडणार नाही. आजच्या दिवसांत ही गोष्ट लहान नाही.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून, 5 ते 12 नोव्हेंबर, तो राज्यात 2020 पासून साजरा होतो. सलीम अलींची बालपणीची हकिगत आम्ही हमखास सांगतो. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी खाणे आपल्याला चालेल का, असा त्या मुलाला प्रश्न पडला. मामांना उत्तर देता आले नाही, तेव्हा त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले कपाटांतले पक्षी पाहून त्याचे आयुष्यच बदलले. घरातला साधा प्रश्न, योग्य जागी पाठवणारा मामा आणि कपाट उघडून दाखवणारा माणूस. ग्रंथपालाचे काम याहून वेगळे काय असते?

पुस्तक घरी जाते तेव्हा ते एकट्या मुलाचे राहत नाही. आमच्या कित्येक मुलांच्या आया विड्या वळतात. परत आलेल्या पुस्तकाला तंबाखूचा वास असतो, तेव्हा आम्ही समजतो की हे पुस्तक सुपाशेजारी बसून मोठ्याने वाचले गेले. एक आई स्वतः मराठी वाचू शकत नाही. ती दारात येऊन म्हणाली, “बाई, इत्ती छोटी किताब नक्को. एक रात में खतम होती. बडी देव.” आमच्या नोंदवहीत त्या आईचे नाव नाही, पण वाचक म्हणून ती आमचीच.

अडचणी आहेतच. परीक्षा जवळ आली की पहिला बळी ग्रंथालयाच्या तासाचा जातो. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तसबिरीला हार, भाषणे आणि हातात पुस्तक धरून छायाचित्रे. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी कपाट पुन्हा बंद. रामेश्वरमला लहानपणी वर्तमानपत्रे वाटणाऱ्या त्या मुलाचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल. आम्ही तास गेला तर टोपलीत वीस पुस्तके भरून वर्गात ठेवतो. नोंद मुलेच करतात.

दुसरी अडचण आम्हांला सोडवता येत नाही. तिसरीतल्या एका मुलीने लाल पट्टीची बरीच पुस्तके वाचून काढली आणि विचारले, “बाई, इसमें हमारे घर के जैसा घर कायकू नै?” आम्ही कपाट धुंडाळले. ईदच्या एखाद-दुसऱ्या धड्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही. दारात बकरी, आत नमाजची चटई, चुलीवर शिरखुर्मा आणि मराठी शाळेचा गृहपाठ, असे घर लहान मुलांच्या मराठी पुस्तकात अजून दुर्मीळच आहे. ही मुलगी मराठी सोडून जाणार नाही, याची हमी एखादा ठराव किंवा भाषण देऊ शकत नाही. ती एखादे पुस्तकच देऊ शकेल.

या अंकाच्या पानांवर लिहिणाऱ्या मुस्लिम मराठी लेखक-लेखिकांनी आपले दुःख, आपली घुसमट आणि आपले प्रश्न मराठीत समर्थपणे मांडले आहेत. आता आठ वर्षांच्या वाचकासाठीही लिहावे, अशी विनंती आहे. आणि वाचक पालकांनी पुढच्या पालकसभेत एकच प्रश्न विचारावा, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? उत्तर चटकन मिळाले तर ठीक. नाही मिळाले, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावा.