दोन सेंटिमीटर

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही पाण्याच्या मीटरमध्ये बसणारे रेडिओ मॉड्यूल बनवायचो. वारंवारता 866 मेगाहर्ट्झ. आपल्याकडे 865 ते 868 हा पट्टा बिनपरवाना चालतो. माझ्याकडे अँटेनाचं मॅचिंग होतं. नेटवर्क ॲनालायझरच्या पडद्यावर स्मिथ चार्ट लावायचा आणि अँटेनाचा ठिपका वर्तुळाच्या मधोमध, म्हणजे 50 ओहमवर, आणून बसवायचा.

माझा ठिपका खालच्या अर्ध्यात पडला होता. म्हणजे कपॅसिटिव्ह, उतारा इंडक्टरचा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा तो इंडक्टर चिमट्यात धरून भिंगाखाली बसवला, तर ठिपका मधे यायच्याऐवजी आणखीच लांब गेला. किंमत बदलली, परत तेच. असे तीन दिवस गेले. डाग देऊन देऊन बोर्डावरचे पॅड उखडायला आले.

चौथ्या दिवशी आमच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. बोर्ड त्यांनी पाहिलाच नाही, केबल पाहिली.

"कॅलिब्रेशननंतर मधे काय जोडलंस रे?"

केबलच्या टोकाला मेल कनेक्टर, बोर्डाच्या वायरलाही मेलच. म्हणून मधे पितळी बॅरल अडकवला होता. जेमतेम दोन सेंटिमीटरचा!

त्यांनी बॅरलसकट पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे ओपन, शॉर्ट, लोड, करायला लावलं, नुसती अँटेना मोजायला लावली. मग ड्रॉवरमधून छापील स्मिथ चार्ट काढला, त्यावर माझा पहिला ठिपका आणि हा नवा ठिपका मांडला, मध्यावर कर्कटक टेकवलं आणि फिरवलं. दोन्ही एकाच वर्तुळावर. फरक सुमारे 60 अंशांचा. खरा ठिपका वरच्या अर्ध्यात होता. हवा होता कपॅसिटर.

हा चार्ट बेल लॅब्जच्या फिलिप स्मिथचा, जानेवारी 1939 च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात आलेला. अँटेनाच्या लाइनींची किचकट गणितं स्लाइड रूलवर करण्याचा तो काळ. शून्यापासून अनंतापर्यंतचे सगळे इम्पिडन्स त्याने एका वर्तुळात कोंबले, आणि लाइनवर पुढेमागे सरकणं म्हणजे मध्याभोवती फिरणं, असं करून टाकलं. अर्ध्या तरंगलांबीला एक पूर्ण फेरी. बॅरलमधल्या टेफ्लॉनमध्ये आमची अर्धी तरंगलांबी जेमतेम बारा सेंटिमीटर भरते. त्यात दोनची भर म्हणजे फेरीचा सहावा हिस्सा. कॉलेजात हे मी मार्कांपुरतं घोकलं होतं. कागदी चार्ट आता कोण वापरतो, असंही एकदा मॅडमसमोरच बोलून गेलो होतो. त्या दिवशी त्यांनी ते काढलं नाही, हे त्यांचे उपकार.

इंडक्टर काढून कपॅसिटर टाकला. दुसऱ्याच किमतीला ठिपका मधल्या खुणेला चिकटला. उखडलेल्या पॅडचा तो बोर्ड मात्र भंगारातच गेला, आणि बॅरलवर मी लाल टेपची पट्टी गुंडाळली.