गव्हातून गहू

अमेरिकेत ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती धरून धावण्याचा आणि अंगावर येणाऱ्यास लोळवून पुढे जाण्याचा तो खेळ. त्यातही विद्यापीठांच्या संघांचे सामने म्हणजे त्या त्या प्रांताची जत्राच. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इंडियाना राज्याच्या उत्तर भागातील एका धर्मग्रामात, रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी आम्ही सेवेसाठी राहिलो होतो. खेळ आम्हांस फारसा उमगला नाही. परंतु त्या खेळावरून रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात, कॉफीचे पेले हाती घेऊन चालणारा वाद मात्र आम्ही मनापासून ऐकला. तो वाद निवडीचा होता आणि निवड हा विषय कोणत्याही धर्मग्रामास परका नाही.

वादाचे मूळ साध्या हिशेबात आहे. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठे खेळतात आणि मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम बारा सामने येतात. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य! मग श्रेष्ठ कोण हे केवळ मैदानावर ठरत नाही. कोणीतरी बसून ते ठरवावे लागते. १९३६ पासून वार्ताहरांच्या मतांवरून क्रमवारी लागू लागली. १९९८ ते २०१३ या काळात मते आणि संगणकाची गणिते एकत्र करून अंतिम सामन्यासाठी दोन संघ निवडले जात. २०१४ च्या मोसमापासून तेरा जणांची निवड समिती आली आणि चार संघांची बाद फेरी सुरू झाली. २०२४ पासून हे चार बारा झाले. त्यांतील पाच जागा प्रादेशिक संघटनांच्या विजेत्यांना, म्हणजे ज्यांना तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात त्यांच्यातील वरच्या क्रमांकाच्या पाच विजेत्यांना, २०२४ आणि २०२५ मध्ये मिळाल्या. उरलेल्या सात समितीच्या क्रमवारीनुसार भरल्या गेल्या.

जागा वाढल्या की तक्रारी कमी होतील अशी अनेकांची अपेक्षा होती. तसे घडले नाही. दोन होते तेव्हा तिसरा रडत असे. चार झाले तेव्हा पाचवा रडू लागला. रेघ पुढे सरकली, पण रेघेच्या पलीकडे उभा राहणारा कोणी ना कोणी असतोच.

आमचा मुक्काम जेथे होता तेथून नोटर डेम विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर. फ्रेंच भाषेतील या नावाचा अर्थ ‘आपली माउली’. होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये त्याची स्थापना केली. तेथील ग्रंथालयाच्या भिंतीवर हात उंचावलेल्या ख्रिस्ताचे भव्य चित्र आहे. ते क्रीडांगणातून दिसते आणि गुण झाल्यावर पंच जसे दोन्ही हात वर करतो तशीच ती मुद्रा असल्यामुळे लोकांनी त्या चित्राला खेळातलेच लाडके नाव दिले आहे. तेथील कॅथोलिक कुटुंबांत या संघावरील प्रेम आजोबांकडून नातवाकडे जाते, जसे आपल्याकडे सणाला बॅण्डमध्ये वाजवण्याचे वेड जाते.

२०२५ च्या मोसमात या संघाने पहिले दोन्ही सामने गमावले. ३१ ऑगस्टला मायामी विद्यापीठाकडून २७-२४ असा आणि १३ सप्टेंबरला टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून ४१-४० असा. दोन पराभव, आणि अंतर सारे मिळून चार गुणांचे! त्यानंतर सलग दहा विजय. इकडे मायामीचेही दहा विजय आणि दोन पराभव. नोव्हेंबरच्या आरंभी समितीने पहिली क्रमवारी जाहीर केली तेव्हा नोटर डेम दहावे आणि मायामी अठरावे होते. पुढे मायामी एकेक पायरी चढत आले, तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातही नोटर डेमच वर होते.

सभागृहातील वादाचे दोन पक्ष होते. बहुसंख्य नोटर डेमचे. त्यांचे म्हणणे, “ऑगस्टमधला आमचा संघ कच्चा होता, आज तो कसा खेळतो ते पाहा.” मायामीची बाजू घेणारे एकच कुटुंब, फ्लोरिडाहून नोकरीनिमित्त आलेले. त्यांचे म्हणणे त्याहून आखूड, “आपण समोरासमोर खेळलो. आम्ही जिंकलो.” दोन्ही युक्तिवाद आम्हांस खरे वाटत. एक माणसाच्या वाढीला मान देतो, दुसरा घडलेल्या गोष्टीला.

असाच पेच २०२३ मध्ये पडला होता. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने तेरापैकी तेरा सामने जिंकले, आपल्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले. परंतु त्यांचा प्रमुख खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, नोव्हेंबरमध्ये पायाच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला. त्याच्यावाचून हा संघ तितका समर्थ राहिला नाही असे समितीने मानले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. आपला पाय मोसमात याहून आधी मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे संघ आपल्याविनाही काय करू शकतो ते लोकांना दिसले असते, अशा आशयाचे त्या मुलाने जाहीरपणे लिहिले. आपल्या संघासाठी स्वतःची इजा लवकर मागणारा तरुण! त्याला कोणत्या निकषाने समजवावे?

७ डिसेंबर २०२५, आगमनकाळातील दुसरा रविवार. त्या दिवशीचे शुभवर्तमान बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. येणाऱ्याच्या हाती सूप असेल आणि तो खळे साफ करील असे सांगणारे. आम्ही त्यावर प्रवचन केले. दुपारी बारा वाजता समितीचा निर्णय दूरदर्शनवर येणार होता, म्हणून मिस्सानंतर कोणी घरी गेले नाही. निर्णय आला. मायामी दहावे, नोटर डेम अकरावे. अखेरच्या दोन जागा क्रमवारीत बऱ्याच खाली असलेल्या दोन कॉन्फरन्स-विजेत्यांकडे जाणार असल्यामुळे अकरावा संघ बाहेर.

त्या आठवड्यात नोटर डेम किंवा मायामी, कोणीच मैदानात उतरले नव्हते. दोघांच्या मध्ये असलेला ब्रिघम यंग विद्यापीठाचा संघ हरून खाली गेला, त्यामुळे हे दोन संघ शेजारी आले आणि मग परस्परांतील सामन्याचा निकाल विचारात घेतला, असा खुलासा समितीच्या अध्यक्षांनी केला. त्यात तर्क नाही असे नाही. परंतु जो सामना ऑगस्टमध्ये घडला तो नोव्हेंबरभर मागे राहिला आणि डिसेंबरमध्ये अचानक निर्णायक ठरला, हे सभागृहातील कोणाच्याच गळी उतरेना.

त्या गदारोळात मिस्साच्या वेळी लोकांना जागा दाखवणारे एक वृद्ध गृहस्थ शांत बसले होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवले होते. ते फ्लोरिडाच्या कुटुंबाच्या मेजाजवळ गेले, त्यांच्या मुलाशी हस्तांदोलन केले आणि म्हणाले, “तुझ्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. पण मला चार आठवड्यांपूर्वी सांगितले असते तर बरे झाले असते.” आम्हांस त्या दोन वाक्यांत सगळा वाद सापडला. पहिल्या वाक्यात प्रतिपक्षाला न्याय होता. दुसऱ्यात स्वतःसाठी न्यायाची मागणी होती.

त्याच दिवशी नोटर डेमच्या संघाने, बाद फेरीत न आलेल्यांसाठी जे मोसमाअखेरचे सामने असतात, त्यांत खेळणार नाही असे जाहीर केले. सभागृहात यावरही दोन तट पडले. कोणी त्याला स्वाभिमान म्हणाले, कोणी रुसवा. आमच्या मते त्यांनी खेळावयास हवे होते. यादीत नाव आले नाही म्हणून सप्टेंबरपासून कमावलेले दहा विजय खोटे ठरत नाहीत, आणि पुन्हा एकत्र खेळण्याची संधी शेवटच्या वर्षातील मुलांना मिळणार नव्हती.

वाचकहो, योहानाच्या सुपाची आठवण आम्हांस त्या दुपारी पुनःपुन्हा झाली. तो येणारा भुसा आणि गहू वेगळे करतो. ते त्यालाच साधते. माणसांच्या समित्यांपुढे बहुधा भुसा नसतोच. त्यांना गव्हातून गहू निवडावयाचा असतो, आणि म्हणूनच त्यांचे काम इतके अवघड होते. आपल्याकडेही शिक्षणनिधीच्या बैठकीत दहा अर्ज आणि चार रकमा घेऊन आम्ही बसतो. एकाचे गुण अधिक, दुसऱ्याच्या घरी अडचण अधिक. एकदा पाचव्या क्रमांकाच्या मुलीचे वडील आमच्यापुढे येऊन बसले. त्यांनी पैसे मागितले नाहीत. ते म्हणाले, “फादर, घरी जाऊन पोरीला काय सांगू, तेवढं सांगा.” आम्ही त्यांना निकषांचा कागद दाखवला, चौथ्या आणि पाचव्या अर्जातील फरक समजावून सांगितला. त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण सांगण्याजोगे काहीतरी घेऊन ते घरी गेले.

पुढे जानेवारीत मायामी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेव्हा समितीची निवड योग्यच होती असे अनेक जण म्हणू लागले. आम्हांस ते पटत नाही. नोटर डेम गेले असते तर काय झाले असते, हे कोणी खेळून पाहिलेलेच नाही. १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीच्याच घरच्या क्रीडांगणावर विजेतेपद मिळवले ते इंडियाना विद्यापीठाने, २७-२१ अशा गुणांनी. अनेक पिढ्या ज्याची ओळख पराभवांसाठीच होती असा हा संघ. त्या मोसमात एकही सामना न हरल्यामुळे त्याच्या निवडीवर कोणी वाद घातला नाही.

असे निर्विवाद यश क्वचितांनाच लाभते. बाकी आपण सारे दहाव्या-अकराव्याच्या आसपास उभे असतो. कधी रेघेच्या आत, कधी बाहेर. रेघ ओढण्याची पाळी ज्याच्यावर येते त्याने आपला निकष आधी सांगावा, तो अखेरच्या दिवशी बदलू नये, आणि जो बाहेर राहिला त्याच्या समोर बसून कारण सांगण्याची तयारी ठेवावी. पुढील शैक्षणिक वर्षाचे अर्ज जूनमध्ये येतील. निकषांचा कागद त्याआधीच चर्चच्या सूचना फलकावर लागलेला असेल.